पेंटरचं बोलकं घर

शुक्रवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी पेंटर शिडीवर होता आणि औषधांच्या दुकानाच्या शटरवर ‘औष’ एवढंच लाल रंगात उमटलं होतं. शटरचं काम ते खाली असतानाच करावं लागतं. दुकान उघडायच्या आत रंग इतका सुकायला हवा, की पत्रा गुंडाळताना अक्षरं मागच्या बाजूला चाटून जाणार नाहीत. म्हणून शटर रंगवणारा माणूस उजाडताच कामाला लागतो आणि दुकानदार आला की शिडी घडी करतो. पत्राही सपाट नसतो. बोटभर फुगवटा, बोटभर खाच. खाचेत ब्रश बुडतो, फुगवट्यावर घसरतो. पेंटरचा डावा हात टेकूच्या काठीवर आणि उजवा त्या डाव्यावर, अशी त्याची बैठक पंचवीस वर्षं पक्की होती. आज ‘ष’ची कड त्याने दोनदा चिंधीने पुसली होती.

खाली शटरवाला स्प्रिंगला तेल द्यायला आला होता. शटर दुरुस्त करणं हा त्याचा धंदा आणि पेंटरची टिंगल करणं हा छंद.

‘‘काय रे, हात कापतोय. काल कुठे बसला होतास?’’

‘‘घरी.’’

‘‘मग बरोबर. घरी बसलेल्याचाच हात कापतो.’’ त्याने तेलाची बुधली फिरवून बंद केली. ‘‘पोरीचं आज ना?’’

‘‘आठला. पहिल्याच तासाला.’’

‘‘पाठ झालंय ना सगळं? मग झालं. पोपटासारखी बोलेल आणि तू सुटशील. माझीच आयडिया, लक्षात ठेव.’’

पेंटरने ब्रश डब्यात बुडवला, काठावर निथळवला आणि तसाच धरून ठेवला.

त्याची थोरली मुलगी दुसरीत होती. घरात तिला मोठी म्हणत आणि पहिलीतल्या बहिणीला धाकटी. मोठीला वाचता येत नव्हतं. आज वर्गाच्या बाई एकेका मुलाला पुढे बोलावून वाचायला लावणार होत्या. ज्याला येणार नाही त्याने सोमवारपासून वर्ष संपेपर्यंत पहिलीत बसायचं, असा नियम होता. म्हणजे मोठीने धाकटीच्या वर्गात. मोठीने घरी सांगून टाकलं होतं, ‘‘तिथे बसवलं तर मी शाळेतच जाणार नाही.’’

आठ वर्षांच्या मुलीचं बोलणं कोणी मनावर घेत नाही. पेंटरने घेतलं, कारण त्याच वयात त्याने हेच वाक्य म्हटलं होतं आणि पाळलं होतं. दुसरी त्याने पाठांतरावर काढली होती. तिसरीत पुस्तक जाड झालं, पाठांतर पुरेनासं झालं, त्याला खाली बसवलं आणि तो दुपारच्या सुट्टीत जो बाहेर पडला तो परत गेलाच नाही. पुढे एका पाट्या रंगवणाऱ्याच्या हाताखाली राहून अक्षरं शिकला. पाटीएवढं वाचायचं असेल तर त्याला अडत नसे. चार ओळी झाल्या की मात्र जिना चढल्यासारखा दम लागे. ही गोष्ट बायकोलाही त्याने लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितली होती. मुलींना सांगितलीच नव्हती.

मोठी शाळेत जायला लागली तेव्हा पालकांच्या सभेत कोणीतरी म्हणालं होतं, की मुलांना वाचनाची गोडी लागायची तर घरात अक्षरं दिसली पाहिजेत. वस्तूंना नावाच्या चिठ्ठ्या लावा. इतर पालकांनी कागद कापले, चिकटवले, आठवडाभरात ते गळून पडले. पेंटरला कागदाची कल्पनाच अपमानाची वाटली. ‘‘घरात रंगारी असताना चिठ्ठ्या?’’ म्हणत त्याने एका रविवारी बायकोला आणि मुलींना बाहेर पाठवलं आणि दोन खोल्यांचं घर रंगवून काढलं. दारावर ‘दार’ तपकिरी रंगात, लाकडाच्या रेषा दाखवत. पाण्याच्या पिंपावर ‘पाणी’ निळ्यात, खाली ओघळणारे थेंब. शेगडीमागच्या भिंतीवर ‘आग’ लालभडक, टोकांना ज्वाळा. ‘दिवा’ पिवळा, भोवती किरण. ‘आरसा’ रुपेरी. ‘झाड’ हिरवं आणि त्याला पानं फुटलेली. त्याचा गुरू म्हणायचा, की अक्षर वाचायच्या आधी बोललं पाहिजे. पाटी पाहून आंधळ्यालाही कळावं दुकान कशाचं आहे. पेंटरने ते शब्दशः केलं.

घर पाहायला शेजारी आले. शटरवाला म्हणाला, ‘‘लेका, घर आहे का प्रदर्शन? तिकीट लाव.’’ बायको शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. तिच्याबरोबरच्या बायका एका सुट्टीच्या दिवशी मुद्दाम आल्या. पेंटरने मोठीला मधोमध उभं केलं आणि काठीने दाखवत गेला. पोरगी घडाघडा वाचत गेली. दार, पाणी, आग, दिवा. एक चूक नाही. बायका म्हणाल्या, ‘‘पोरगी बापाचं नाव काढणार.’’ त्यानंतर कोणीही आलं की हा खेळ व्हायचा. पेंटरला त्याचा इतका अभिमान, की वहीत शेरे यायला लागले तेव्हा त्याने शाळेलाच दोष दिला. घरी येतं आणि शाळेत येत नाही, तर खोट कुठे आहे ते उघड आहे. नाचता येईना, अंगण वाकडं.

याच आठवड्यात सोमवारी बाईंनी त्याला बोलावून घेतलं. त्या थकलेल्या, खोकला झालेल्या बाई होत्या. वर्गात चाळीस मुलं. त्यांनी एक पुठ्ठा मोठीपुढे धरला. त्यावर काळ्या अक्षरांत ‘पाणी’ छापलेलं होतं. मोठीने पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग बापाकडे, मग बाईंच्या बोटाकडे.

‘‘सांग की,’’ पेंटर म्हणाला. ‘‘घरी रोज वाचतेस.’’

मोठीने पुन्हा बाईंच्या बोटाकडे पाहिलं.

‘‘घाबरलीय,’’ तो बाईंना म्हणाला.

‘‘डोळे तपासले. ठीक आहेत. घाबरतही नाही, मधल्या सुट्टीत सगळ्यांना दमात घेते,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुमच्या घरी वाचायला काय आहे?’’

‘‘सगळं घरच आहे,’’ पेंटर ऐटीत म्हणाला आणि त्याने घराचं वर्णन केलं.

बाईंनी ऐकून घेतलं. ‘‘म्हणजे दारावर दार. मग पुढे काय होतं?’’

‘‘पुढे म्हणजे?’’

‘‘पुढे म्हणजे पुढे. नुसत्या नावांपुढे गोष्ट कुठे आहे? शुक्रवारी ऐकते मी तिचं,’’ असं म्हणून त्या खोकत वर्गात गेल्या.

परत येताना त्याने मोठीला रस्त्याने बोल बोल बोललं. हट्टी, आळशी, घरात वाघ आणि दारात शेळी. ती चपला घासत मागून येत राहिली.

मंगळवारी संध्याकाळी खरं काय ते कळलं. पिंपावरच्या ‘पाणी’चे पोपडे निघाले होते. निळा डबा संपला होता. औषधांच्या दुकानासाठी आणलेला लाल नवाकोरा होता, म्हणून पेंटरने तोच शब्द, त्याच जागी, त्याच मापात लाल रंगाने घोटला. कड वगैरे दिली नाही. बायको कारखान्यातून आली नव्हती. मोठी पेला घेऊन पिंपाशी आली आणि थबकली.

‘‘बाबा, पिंपावर आग का लिहिलंत?’’

पेंटरला आधी हसू आलं. ‘‘काय लिहिलंय?’’

‘‘आग.’’

‘‘नीट बघ.’’

‘‘आगच आहे. लाल आहे ना.’’

त्याने ब्रश खाली ठेवला नाही. कपाटाच्या कोऱ्या बाजूवर त्याच लाल रंगात ‘दार’ लिहिलं. मोठी म्हणाली, ‘‘आग.’’ मग पिवळ्याच्या तळाशी उरलेल्या रंगात ‘झाड’ लिहिलं. ‘‘दिवा,’’ ती म्हणाली आणि बापाचा चेहरा पाहून तिने घाईने भर घातली, ‘‘छोटा दिवा?’’

दीड वर्ष ती रंग वाचत होती. अक्षराशी तिची ओळखच झाली नव्हती. ओळख होण्याची गरज बापाने ठेवली नव्हती. कागदाच्या चिठ्ठ्या लावणाऱ्या आईबापांकडून ही चूक झाली नसती. त्यांच्याकडे एकच काळं पेन होतं.

बुधवारी त्याने काम घेतलं नाही. उरलेला पांढरा प्रायमर काढला आणि दारापासून सुरुवात केली. लाकडाच्या रेषा गेल्या, थेंब गेले, ज्वाळा गेल्या. दोन हात दिल्यावर सगळं घर दवाखान्यासारखं दिसायला लागलं. मग त्याने एकाच जाडीच्या ब्रशने, एकाच काळ्या रंगात, कड नाही, सावली नाही, असे सगळे शब्द पुन्हा लिहिले. पंचवीस वर्षांत इतकं मुकं काम त्याने केलं नव्हतं.

बायको संध्याकाळी दारात उभी राहिली. ‘‘अहो, हे काय केलंत?’’

‘‘तिला वाचता येत नाही. रंग बघून सांगते.’’

‘‘म्हणून घर पांढरं करायचं? कोणी गेल्यासारखं वाटतंय.’’

मोठी आतल्या खोलीतून भिंतीला हात लावत आली. ‘‘इथे काय होतं?’’ ती विचारत होती. ‘‘आणि इथे?’’ काळ्या अक्षरांपुढे उभी राहून ती नेमकं हेच विचारत होती. धाकटी मागून आली आणि बोट ठेवून, अडखळत, एक एक अक्षर जुळवत म्हणाली, ‘‘दा... र. दार.’’ धाकटीला शाळेत शिकवलेलं येत होतं. मोठीने तिला ढकललं. धाकटी पडली आणि दोघी रडल्या.

मुली जेवायला बसल्यावर बायको हळू आवाजात म्हणाली, ‘‘दोन दिवसांत काय होणार आहे? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’’

‘‘मग काय करू?’’

‘‘तुमच्या शटरवाल्याने सांगितलंय ना, पाठ करून घ्या. तिचं पाठांतर चांगलं आहे. बाई पुस्तकातला मुंगीचा धडा देणार आहेत, सगळ्यांना माहीत आहे.’’

‘‘मीही पाठच केलं होतं.’’

‘‘तुम्ही बाहेर पडलात. ती आत राहील. आत राहिली तर कधीतरी शिकेल. बाहेर पडली तर काय, माझ्या शेजारी कॉलर शिवेल?’’

 गुरुवारी संध्याकाळी बायकोने धडा वाचला आणि मोठीने मागून म्हटला. ‘मुंगीला साखरेचा डोंगर दिसला. डोंगर मोठा होता. मुंगी लहान होती.’ तिसऱ्या वेळी मोठी आईच्या पुढे धावायला लागली. पान कधी उलटायचं तेही तिने लक्षात ठेवलं, बोट ओळीखालून कसं सरकवायचं तेही. कितीतरी दिवसांनी ती हसली. जेवताना तिने मुंगीचा धडा दोनदा म्हटला आणि झोपायच्या आधी बापाला म्हणाली, ‘‘आता मला येतं.’’

हे वाक्य शिडीवर त्याला काही सुचू देत नव्हतं. रंग ब्रशच्या टोकाशी दाटला आणि एक थेंब शटरवरून ओघळला. खालून शटरवाला ओरडला, ‘‘अरे, गळतंय!’’

पेंटर उतरला. ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात टाकला.

‘‘शिडी बघ जरा.’’

‘‘कुठे निघालास? ‘धे’ राहिलंय. शेठ दहाला येईल आणि माझ्या नावाने शंख करील!’’

‘‘येतो.’’

‘‘अरे, ‘औष’ म्हणजे काय समजायचं लोकांनी?’’

तो वळणावर पोचला होता.

शाळेच्या फाटकावर शिपायाने त्याचा हात पाहिला. ‘‘रक्त आलंय तुमच्या हाताला.’’

‘‘रंग आहे. दुसरीच्या बाई कुठे आहेत?’’

बाई वर्गात होत्या. तीन मुलं पुढे रांगेत होती, तिसरी मोठी. पेंटरने दारातून हाक मारली आणि बाई वैतागून बाहेर आल्या. त्याने एका दमात सांगितलं. रंगांचं, पिंपाचं, धडा पाठ करून घेतल्याचं. बाई मान खाली घालून ऐकत राहिल्या.

‘‘मला हे कळलंच नसतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिने म्हणून दाखवलं असतं आणि मी पुढे पाठवलं असतं. खरं सांगू का, मला बरंच वाटलं असतं. एक नाव कमी.’’

‘‘मग आता?’’

‘‘आता सोमवारपासून खाली.’’

‘‘मी आपणहून सांगितलं ना, बाई. त्याचं काहीच नाही?’’

‘‘आहे ना. ती नेमकी कुठे अडली आहे ते मला आज कळलं. पण शिकवायचं तर पहिलीतूनच शिकवावं लागेल. इथे मी बाकीच्यांना थांबवू शकत नाही.’’

मोठी दारात येऊन उभी राहिली होती. तिने बापाला पाहिलं, बाईंना पाहिलं आणि काय झालं असावं ते तिच्या ध्यानात आलं. कोणी काही विचारायच्या आत ती खणखणीत आवाजात सुरू झाली. ‘मुंगीला साखरेचा डोंगर दिसला. डोंगर मोठा होता. मुंगी लहान होती.’ सबंध धडा तिने व्हरांड्यात उभं राहून म्हटला. कुठे थांबायचं तिथे थांबली. बोट हवेत डावीकडून उजवीकडे सरकत होतं. पान उलटायची जागा आली तेव्हा तिने हवेतच पान उलटलं. पुस्तक तिच्या हातात नव्हतं.

शेवटचं वाक्य झाल्यावर ती म्हणाली, ‘‘आलं ना मला? बाबा, सांगा ना त्यांना. आलं ना?’’

पेंटरने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मोठीच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि तिने मान मागे घेतली.

तो निघाला तेव्हा बाईंनी कपाटातून एक पुस्तक काढून त्याच्या रंगलेल्या हातात दिलं. बारीक काळा टाइप, चित्र एकही नाही. ‘‘तिला वाचायला लावू नका. तुम्ही वाचा. मोठ्याने, रोज, तिच्यासमोर. ती ऐकेल नाहीतर नाही ऐकणार. भिंतीवर काही लिहू नका.’’

‘‘बाई, मला...’’ तो म्हणाला आणि थांबला. व्हरांड्यात इतर मुलं बघत होती.

औषधवाल्याने दहाला ‘औष’सकट शटर वर नेलं आणि अर्ध्या कामाचे पैसे मिळणार नाहीत असं सांगितलं.  रात्री जेवणं झाल्यावर बायको म्हणाली, ‘‘एकदा विचारायचं तरी मला.’’ तिचं म्हणणं चूक होतं असं पेंटरला वाटलं नाही.

मोठी त्याच्याशी बोलेनाशी झाली. शनिवारी संध्याकाळी तो पुस्तक घेऊन पांढऱ्या भिंतीला टेकून बसला. गोष्ट एका म्हाताऱ्या घोड्याची होती. रोज ओझी वाहणारा घोडा एका सकाळी पुलापाशी थांबतो आणि पुलावर पाय ठेवायला तयार होत नाही. पेंटरने पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरीत जोडाक्षर आलं, त्याने मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. चौथ्या ओळीत त्याला घाम फुटला. धाकटी त्याच्या खांद्यावरून डोकावत होती. मोठी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

‘‘बाबा, ओळ सुटली,’’ धाकटी म्हणाली.

तो परत वर गेला. बायको स्वयंपाकघरातून कपडा हातात घेऊन दाराशी आली आणि ऐकत राहिली. एका परिच्छेदाला इतका वेळ लागला, की मालकाने घोड्याला चाबूक मारायच्या आत धाकटी झोपली.

रविवारी तो पुन्हा बसला. घोडा अजून पुलाच्या अलीकडेच होता. मालक, पोस्टमन, दूधवाली सगळे जमले, जो तो सल्ला देत होता. पेंटर एका शब्दाशी अडला. त्याने तो मनात जुळवला, तोंडाने चुकीचा म्हटला, पुन्हा जुळवला. घरात नळाच्या थेंबांचा आवाज येत होता.

‘‘तुम्हालाही येत नाही,’’ मोठी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली.

पेंटरने पुस्तक मांडीवर ठेवलं. बायकोने हातातलं काम थांबवलं.

‘‘थोडं येतं,’’ तो म्हणाला. ‘‘लांब असलं की दमतो.’’

‘‘मग मला का सांगत होतात?’’

 त्याने पुस्तक उचललं आणि अडलेल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली. मोठी वळली नाही. ती झोपली होती की जागी, हे पाठीवरून सांगता येत नव्हतं. पान संपल्यावर त्याने खूण म्हणून कोपरा दुमडला. मग पुस्तक शाळेचं आहे हे आठवून तो सरळ केला आणि ब्रश पुसायच्या चिंध्यांतली एक स्वच्छ पट्टी फाडून पानात घातली.

‘‘उद्या जाईल का ती?’’ बायकोने दिवा मालवायच्या आधी विचारलं.

‘‘माहीत नाही.’’

‘‘आणि औषधवाला?’’

‘‘सांगितलंय. उरलेलं अक्षर दुपारी दुकान बंद असताना काढीन.’’

उद्या सोमवार. शाळेचं फाटक आठला उघडतं आणि सव्वाआठला बंद होतं. त्या वेळात पेंटर शिडीवर नसेल, मोठी निघाली तर तिच्याबरोबर असेल.